पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका आणि तो फॉरवर्डही पुढे ढकलू नका

आत्याच्या महिला मंडळाचा ग्रुप चारधामला निघालाय. मुंबई ते देहरादून विमानाने, पुढे बसने. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला, खाली 'हे बरोबर आहे ना रे?' आणि सोबत फोटो. मंडळातल्या तिघींनी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून ५९९ रुपयांना एक अशा पॉवर बँका उचलल्या होत्या. वर सोनेरी अक्षरांत '५०,००० एमएएच' (एमएएच म्हणजे बॅटरी किती साठवते त्याचं माप). हाच फॉरवर्ड मला त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि ऑफिसातल्या एकाकडून आला होता, तेव्हा सोडून दिला. आता तो वाचून माणसं खरेदी करून मोकळी झाली आहेत, म्हणून लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रँडेड पॉवर बँक म्हणजे नावाचे पैसे, आकडा जितका मोठा तितकी चांगली. विमानतळावर हातातल्या बॅगेतून ती काढून घेतात, म्हणून कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाका. सोलरवाली घेतली तर लाइटची गरजच नाही. फास्ट चार्जिंगने फोनची बॅटरी मरते. स्टेशनवरच्या यूएसबीला फोन लावला की बँक खातं साफ. आणि पॉवर बँक थोडी फुगली तरी घाबरू नका, चालते.

यातला चेक-इन बॅगेचा सल्ला ज्याने लिहिला त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा, हे तुला कुणी सांगितलं? नियम नेमका उलटा आहे, आणि तो जगभर आहे. पॉवर बँक ही सुटी लिथियम बॅटरी धरली जाते आणि ती फक्त केबिनमध्ये, स्वतःजवळच न्यायची असते. १०० वॉट-अवरपर्यंत (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या एकूण ऊर्जेचं माप) परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते. त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही. सिक्युरिटीवाले जी काढून घेतात ती मोठ्या बॅगेतली. चेक-इनच्या सामानाच्या एक्स-रेमध्ये ती दिसली की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावतात, उघडायला लावतात. तुम्ही तोवर गेटवर चहा पीत बसलेले असाल तर बॅग मागे राहू शकते.

पण बॅग राहण्याचं दुःख छोटं आहे. हा नियम का आहे ते बघा. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं हाँगकाँगला निघालेलं एअरबस ए३२१ उड्डाणाआधीच पेटलं. आत १६९ प्रवासी आणि ७ कर्मचारी. आग मागच्या बाजूला, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात लागली. तिथून निघणारा धूर केबिन क्रूने पाहिला, घसरगुंड्या उघडल्या, सगळे जिवंत उतरले. विमानाचं छत मात्र जळून उघडं पडलं. मार्चमध्ये तपास यंत्रणेने सांगितलं की कप्प्यातल्या एका पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन निकामी होऊन आग लागली असावी. कोरियाने १ मार्च २०२५ पासून डोक्यावरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायलाच मनाई केली.

आता कुणीतरी म्हणेल, 'बघा, केबिनमध्येच पेटली ना!' हो, पेटली. आणि कुणाला तरी दिसली म्हणून माणसं वाचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात एका प्रवाशाची पॉवर बँक सीटच्या पुढच्या खिशात पेटली. ती डोळ्यांसमोर होती, क्रूने लगेच विझवली. आता हीच वस्तू विमानाच्या पोटात, साड्या आणि स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेली आहे असं समजा. लिथियम सेल एकदा आतून तापत सुटला की तो शेजारच्या सेललाही पेटवतो. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात आग विझवायचा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली प्रक्रिया थांबवत नाही. तिथे पाणी ओतायला माणूस नाही. आणि 'कपड्यांत गुंडाळा' म्हणे! आत्याला मी सांगितलंय: पर्समध्ये ठेव, पर्स पायाशी ठेव, वर कप्प्यात नको. विमानात पॉवर बँकेने फोनही चार्ज करू नकोस. एमिरेट्स या विमान कंपनीने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली आहे.

दुसरी लबाडी ५०,००० एमएएचची. हिशोब सोपा आहे. एमएएचला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा, हजाराने भागा, वॉट-अवर मिळतात. ५०,००० चे होतात १८५. म्हणजे आकडा खरा असेल तर ती विमानात चढूच शकत नाही, आणि खोटा असेल तर तुम्ही फसलात. तो खोटाच आहे, कारण एवढी ऊर्जा साठवायला नुसते सेलच पाऊण किलोच्या आसपास लागतात. आत्याला म्हटलं, किचनच्या काट्यावर ठेव. काटा २१० ग्रॅमवर थांबला. त्यात १०,००० एमएएच असली तरी नशीब.

खऱ्या आकड्यातही एक मेख आहे, तीही सांगतो. १०,००० एमएएच हा आतल्या सेलचा आकडा. फोनला जातात तेव्हा ५ व्होल्टला ते ७,४०० च्या आत येतात आणि उष्णतेत आणखी जातात, हातात सहा हजारांच्या आसपास उरतात. चांगल्या कंपन्या खोक्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा खरा आकडा छापतात. ५,००० एमएएचचा फोन अशा पॉवर बँकेने साधारण सव्वा ते दीड वेळा भरेल, दोनदा नाही. चार दिवसांच्या प्रवासात रोज रात्री मुक्कामाला प्लग मिळणार असेल तर एवढी पुरते. केदारनाथसारखा चढ किंवा लांबचा रेल्वेप्रवास असेल, जिथे डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात, तर २०,००० ची घ्या. ती ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे विमानाच्या नियमात आरामात बसते. थंडीत मात्र ती पाठीवरच्या सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात बॅटरी कमी देते.

'ब्रँडेड म्हणजे नावाचे पैसे' यात अर्धं तथ्य आहे, हे मान्य करतो. जून २०२५ मध्ये अँकरसारख्या नावाजलेल्या कंपनीला अमेरिकेत आपल्या पॉवरकोअर १०००० मॉडेलच्या ११ लाखांहून जास्त पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवाव्या लागल्या. पण परत मागवल्या! मॉडेल नंबर होता, म्हणून लोकांना आपली तपासता आली. स्टेशनबाहेरचा स्टॉलवाला काय परत मागवणार? शिवाय स्वस्त म्हणजे बनावटच घ्यायला हवी असंही नाही. हजार-बाराशेत १०,००० ची नोंदणीकृत पॉवर बँक मिळते. आपल्याकडे पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. अंगावर आयएस १३२५२ आणि 'आर-' पुढे आठ आकडे असतात. ते आकडे बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव आणि उत्पादन समोर येतं. आत्याच्या फोटोतल्या पॉवर बँकेवर आर-नंबर होता. ॲपमध्ये टाकला तर दुसऱ्याच कंपनीचा निघाला. वॉट-अवर तर कुठेच छापलेले नव्हते, आणि विमानतळावर अडवायला तेवढंही कारण पुरतं.

बाकीचं भराभर. सोलर: तळहाताएवढं पॅनल कडक उन्हातही एक-दीड वॉट देतं. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर भरायला कित्येक दिवस उन्हात ठेवावं लागेल, आणि उन्हात तापवणं बॅटरीला वाईटच. फास्ट चार्जिंग: नुकसान उष्णतेने होतं. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका, एवढं पुरे. स्टेशनवरचं यूएसबी: त्यातून फोनमधली माहिती चोरण्याच्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेतही इशारा आहे, त्यामुळे थट्टा करत नाही. पण आपला ॲडॉप्टर नेऊन साध्या प्लगला लावला की प्रश्नच मिटतो, आणि 'डेटाला परवानगी द्यायची का' असं फोनने विचारलं तर नाही म्हणायचं.

आणि फुगलेली पॉवर बँक. ती 'चालते' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने लोकांच्या घरांना धोका निर्माण केलाय. आत वायू साठला म्हणून ती फुगते, सेल बिघडल्याची ती खूण आहे. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. कापडापासून, लाकडापासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. मंडळातल्या तिघींपैकी एकीची पॉवर बँक पहिल्याच चार्जिंगला हात लाववेना इतकी तापली होती. ती आता बंद करून बाल्कनीत फरशीवर ठेवली आहे, आणि तिन्ही मिळून ई-कचऱ्यात जाणार आहेत.