स्क्रीनशॉट नका हो आणू, फोन आणा!

इंदूर खंडपीठ असो की जिल्हा कोर्ट, तेच रडगाणं. अशील व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटचे प्रिंट घेऊन येतो. वर नंबर नाही, नुसतं ‘भय्या’. तारखेच्या जागी ‘टुडे’. कुठला टुडे? आणि फोन? ‘तो फॉरमॅट करून भाच्याला दिला.’ अहो, मूळच घालवलंत की!

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. फोन-कॉम्प्युटरमधला पुरावा द्यायचा तर त्याच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, भरावी लागते. ती फाइलची निघते, झेरॉक्सची नाही.

ईमेलचेही तेच हाल. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ हेडर राहत नाही. कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता आला, ते सगळं त्यातच असतं. मूळ मेल ईएमएल फाइल (हेडरसकट अख्खा मेल) म्हणून उतरवून ठेवा, दोन मिनिटांचं काम!

आणि ऑफिसचा कॉम्प्युटर ‘जरा बघू’ म्हणून उघडू नका. फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली की कॉपीवर आजची ‘क्रिएटेड’ तारीख पडते, मग समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घ्यायची, मूळ आणि इमेजचा एसएचए-२५६ हॅश जुळवायचा. हॅशच्या चौसष्ट अक्षरांपैकी एक चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून.