हायड्रोजन ‘सर्वांत ताकदवान’, मग सगळं रॉकेट त्यावरच का नाही?

इस्रोचं उड्डाण झालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय असा: हायड्रोजन हे सर्वांत ताकदवान रॉकेट इंधन आहे, पुढारलेले देश तेच वापरतात, आणि आपण अजून पहिल्या टप्प्यात ‘फटाक्याची दारू’ भरतो. मी रसायनशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने तो मजकूर खरा मानून मला प्रश्न विचारला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘ताकदवान’ या शब्दातच पहिली गल्लत आहे. रॉकेट इंधनाचं मायलेज, म्हणजे किलोभर इंधनातून किती काम मिळतं ते, वेगळं आणि रेटा, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारा जोर, वेगळा. किलोमागे मायलेज पाहिलं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जोडी पहिल्या नंबरात आहे, यात वाद नाही. गंमत म्हणजे हे मायलेज हायड्रोजन पूर्ण जाळून मिळत नाही. एक किलो हायड्रोजन पूर्ण जाळायला आठ किलो ऑक्सिजन लागतो, पण इस्रोच्या एलव्हीएम-३ या अवजड रॉकेटच्या वरच्या टप्प्यात जे हायड्रोजनवर चालणारं सीई-२० इंजिन असतं, त्यात तो सुमारे पाच किलोच देतात. उरलेला हायड्रोजन मुद्दाम न जळता बाहेर पडू दिला जातो. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, हायड्रोजनचा अवघा २. तितक्याच तापमानाला हलका रेणू जास्त वेगाने पळतो, आणि रॉकेटला हवा असतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग.

पण हाच हलकेपणा जमिनीवरून उठताना नडतो. त्या मुलीसमोर मी वीस लिटरचा पाण्याचा जार ठेवला. यात रॉकेल भरलं तर साधारण सोळा किलो मावतं. द्रव हायड्रोजन? जेमतेम १.४ किलो, आणि तोही उणे २५३ अंशांवर ठेवला तर. एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात हायड्रोजन वजनाने फक्त एक षष्ठांश असतो, तरी तो ऑक्सिजनच्या तिपटीहून जास्त जागा खातो. सगळं रॉकेट त्यावर चालवायचं तर टाक्या अवाढव्य होतात, त्यांचं स्वतःचं वजन वाढतं, आणि मायलेजमध्ये कमावलेलं तिथेच खर्ची पडतं.

आता रेट्याचे आकडे बघा. एलव्हीएम-३ चं वजन सुमारे ६४० टन. सीई-२० चा रेटा साधारण २० टन. बाजूला लावलेल्या, घन इंधनाच्या दोन एस-२०० मोटरींचा कमाल रेटा प्रत्येकी ५०० टनांहून जास्त. जमिनीवरून उचलायचं काम कुणाला द्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

त्या मोटरींत असतं त्याला ‘फटाक्याची दारू’ म्हणणं मला मनापासून खटकतं. फटाक्यात सोरा, गंधक आणि कोळसा असतो. इथे काकवीसारखं दाट एचटीपीबी नावाचं रबरी द्रव्य असतं, त्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि दोन तृतीयांशाच्या आसपास अमोनियम परक्लोरेटचे पांढरे स्फटिक. ऑक्सिजन पुरवतं ते हे परक्लोरेट. मिश्रण मळून, हवेचे बुडबुडे काढून आवरणात ओततात आणि ऊब देत काही दिवस घट्ट होऊ देतात. तयार झालं की ते खोडरबरासारखं लागतं. मधोमध आरपार पोकळी ठेवलेली असते. तिचा आकार कसा आहे, त्यावर कोणत्या सेकंदाला किती रेटा मिळेल हे ठरतं. आत कुठे चीर राहिली तर ज्वाला त्या चिरेत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि आवरण फुटू शकतं. शेकडो टनांचा माल एकही घातक चीर न राहता ओतणं ही अव्वल दर्जाची कारागिरी आहे.

‘पुढारलेले देश’ हा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात रॉकेल होतं, हायड्रोजन वरच्या दोन टप्प्यांत. स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन-९ आजही रॉकेलवर उडतं. २०२२ मध्ये नासाच्या चांद्रमोहिमेचं आर्टेमिस-१ उडालं, तेव्हा उड्डाणाच्या क्षणी तीन चतुर्थांशाहून जास्त रेटा घन इंधनाच्या बूस्टरांचाच होता.

टीका करायचीच असेल तर खरी जागा दाखवते. घन इंधनाच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, म्हणजे ओलाव्यात आम्लच. आणि एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यातल्या विकास इंजिनात यूडीएमएच हे द्रव इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी लागते. ठिणगीशिवाय, नुसत्या स्पर्शाने पेटते, साध्या तापमानाला साठवता येते, म्हणून भरवशाची. पण दोन्ही द्रव्यं जहाल विषारी. यातलं टेट्रॉक्साइड आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत बनत आलं आहे. २०१७ मध्ये तिथल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचे तोट्यातले प्लांट बंद करायचं ठरलं, तेव्हा हा एक मात्र इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला, इतकी त्याची गरज होती.

या विषारी जोडीला पर्याय म्हणून इस्रो २०० टन रेट्याचं सेमीक्रायोजेनिक, म्हणजे जोडीतला फक्त ऑक्सिजन अतिथंड ठेवावा लागणारं, इंजिन विकसित करते आहे. त्यात ऑक्सिजनसोबत जळणार आहे ते शुद्ध केलेलं रॉकेल.