‘एवढं जोडा, ग्रीन कार्ड पक्कं’ : त्या मेसेजमधल्या सहा सूचनांबद्दल

शाळेच्या ग्रुपवर, चुलत भावंडांच्या ग्रुपवर, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. ‘अमेरिकेत जोडीदाराला नेताय? एवढं जोडा, ग्रीन कार्ड पक्कं.’ त्याखाली सहा सूचना आहेत. हॉलची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, आधी मॅरेज सर्टिफिकेट काढून अर्ज टाका. सर्टिफिकेट असलं की लग्न सिद्ध झालं. जॉइंट अकाउंट नसेल तर अर्ज फेटाळतात, म्हणून एक उघडाच. फोटो आणि चॅट जेवढे जास्त तेवढी केस भक्कम. चार नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, एकाच मजकुराची करून घ्या. आणि शेवटची: अरेंज्ड मॅरेज आहे असं सांगू नका, कॉलेजपासूनची ओळख सांगा.

मी अमेरिकन नागरिक आहे. नवऱ्यासाठीची आय-१३० पिटिशन, म्हणजे जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज, मी स्वतः भरली, वकील केला नव्हता. तेव्हा अशाच एका ऐकीव यादीवर मी विसंबले आणि काही महिन्यांनी आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र हातात पडलं. तो पुण्यात, मी न्यू जर्सीत. पत्र वाचून त्याला फोन केला तेव्हा दोघांनाही बोलवेना. म्हणून हा मेसेज कुणी ‘उपयोगी आहे’ म्हणून पुढे पाठवला की मला गप्प राहवत नाही.

आधी इमिग्रेशन अधिकारी काय बघतो ते सांगते. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. जिथे लग्न लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का? आणि लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा खरा हेतू होता का? दोन्ही सिद्ध करण्याची जबाबदारी पिटिशन भरणाऱ्यावर असते. कसोटी मात्र फौजदारी खटल्यासारखी कडक नाही. तुमचं म्हणणं खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं कागदांवरून दिसावं लागतं.

आता ‘आधी सर्टिफिकेट, विधी नंतर’ ही सूचना बघा. सहापैकी सगळ्यात घातक हीच, कारण ती पहिल्या प्रश्नालाच सुरुंग लावते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे लग्न विधींनी लागतं, नोंदणी त्या लागलेल्या लग्नाची होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं: विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने नवरा-बायकोचं नातं तयार होत नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीच्या अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं, लग्न लावणाऱ्या गुरुजींची आणि साक्षीदारांची सही लागते. लग्न लागण्याआधीच हे सगळं भरलं तर तो कागद पहिल्या ओळीपासून खोटा ठरतो. पुढे तुम्ही त्याच अर्जाला लग्नाचे फोटो जोडता, त्यांवर वेगळी तारीख असते आणि पत्रिकेवर तीच वेगळी तारीख छापलेली असते. मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत, व्हिसाच्या मुलाखतीला, खिडकीपलीकडून ‘नक्की लग्न कधी झालं?’ असं विचारलं तर काय सांगणार?

विशेष विवाह कायद्याखाली रीतसर लग्न करायचं असेल तर जरूर करा. तिथे अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर लागलेलं लग्न हेच खरं लग्न आणि त्या दिवसाची तारीख हीच लग्नाची तारीख. पण त्याला तीस दिवसांची नोटीस लागते आणि नोटिशीच्या आधी दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम लागतो. इकडून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जाणाऱ्याने हे आधीच धरून चालावं. नंतर घरच्यांसाठी वैदिक पद्धतीने सोहळा केला तर दोन्ही तारखा मोकळेपणाने सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि एकाने इकडून व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्न अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा लग्न धरत नाही, जोवर त्यानंतर दोघं पती-पत्नी म्हणून प्रत्यक्ष एकत्र आले नाहीत. सोहळ्याला दोघं एका ठिकाणी हजर हवीत.

सर्टिफिकेट म्हणजे सगळं, ही दुसरी सूचना. सर्टिफिकेट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, दुसऱ्याचं नाही. कुणाचा पहिला विवाह झालेला असेल तर तो संपल्याचा कागदही लागतो, म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. नोटरीसमोर लिहून घेतलेल्या फारकतीच्या भरवशावर अर्ज टाकू नका. रूढीने झालेली काडीमोड कायदा मानतो, पण तशी रूढी खरंच आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं आणि ते फार जड असतं.

जॉइंट अकाउंटच्या भीतीने तर मी कितीतरी जोडप्यांना हैराण झालेलं पाहिलंय. आय-१३० च्या सूचनांमध्ये पुराव्याचे प्रकार दिलेत: दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, माहीतगार माणसांची प्रतिज्ञापत्रं आणि शिवाय दुसरं काहीही जे संसार दाखवेल ते. यातलं एक किंवा अधिक द्या, असं तिथे म्हटलंय. खातं नसलं की फेटाळा, असं कुठेही नाही. जोडीदार भारतात असेल तर त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नसतो, इथल्या बऱ्याच बँका त्याच्याशिवाय खातं उघडायला का-कू करतात. हे अधिकाऱ्याला ठाऊक असतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेलं आणि शंभर डॉलर टाकून तसंच पडलेलं खातं संसाराबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यात, आणि आयुर्विम्यात जोडीदाराचं नाव वारस म्हणून लावलेलं पत्र, दर महिन्याला घरी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, दोघांच्या पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास, भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर लागलेलं जोडीदाराचं नाव, हे कितीतरी बोलकं असतं.

पैशांच्या बाबतीत मेसेज जे सांगतच नाही ते मला सांगायचंय. लग्न झाल्यावरही टॅक्स रिटर्न ‘सिंगल’ म्हणून भरणारे खूप आहेत. बायको भारतात, तिच्याकडे नंबर नाही, म्हणून जुनीच खूण पुढे चालू राहते. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या वर्षासाठी ‘सिंगल’ चालत नाही. विवाहित पण स्वतंत्र असं भरता येतं, किंवा जोडीदाराला करापुरतं रहिवासी मानण्याचा पर्याय निवडून, डब्ल्यू-७ हा फॉर्म भरून त्याच्यासाठी आयटिन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, घेऊन, एकत्रही भरता येतं. चूक झाली असेल तर १०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरून दुरुस्त होते. पुढे स्पॉन्सरशिपच्या टप्प्यावर, म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची हमी देताना, हेच रिटर्न जोडावं लागतं. एका कागदावर ‘माझं लग्न झालंय’ आणि दुसऱ्यावर ‘मी अविवाहित’, दोन्हीखाली तुमचीच सही. माझ्या ओळखीतल्या एकाला मुलाखतीत यावरच अडवलं होतं, बाकी सगळं चोख असून.

आता फोटो आणि चॅट, म्हणजे माझी स्वतःची चूक. मी लग्नाचे एकशे चाळीस फोटो पाठवले होते. हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, पाठवणी, सगळं त्याच दोन दिवसांतलं. कुठल्याही फोटोखाली एक शब्द नव्हता. आपल्याला त्यात मामा, आत्या, मोठ्या काकू दिसतात. अधिकाऱ्याला जरीच्या साड्या नेसलेल्या पन्नास अनोळखी बायका दिसतात. सोहळा झाला हे त्यावरून कळतं, सोहळ्याआधीचं आणि नंतरचं काहीच कळत नाही.

आरएफईच्या उत्तरात मी अठरा फोटो पाठवले. लग्नातले चारच. त्यातला एक अंतरपाट धरलेला, माझ्या मागे मामा उभा. खाली लिहिलं: तारीख, कार्यालयाचं नाव, कोण कोण उभं आहे आणि वधूच्या मागे मामाने उभं राहायची आमच्याकडे रीत आहे. दुसरा फोटो त्याच मामाच्या घरच्या गणपतीतला, पुढच्या वर्षीचा. मी त्यात नाही, मी इथे कामावर होते. आरतीचं तबक माझ्या नवऱ्याच्या हातात आहे आणि शेजारी तोच मामा टाळ वाजवतोय. तो फोटो लावू की नको, यावर मी दोन दिवस घालवले, कारण ‘जोडप्याचा फोटो हवा’ असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण बायको सात समुद्रांपलीकडे असताना जावई तिच्या मामाकडे गणपतीला जातो, हे नातं खरं असल्याशिवाय घडत नाही. तो फोटो माझ्या सगळ्या फाइलीतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

चॅटचंही तसंच. इंग्रजी नसलेला जो कागद तुम्ही देता त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात अशा भाषांतरकाराच्या सहीच्या निवेदनासह. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही मराठीच. म्हणजे सहाशे पानं चॅट जोडलंत तर सहाशे पानांचं भाषांतर आलं. दर महिन्याचं एखादं पान घ्या, तारीख दिसेल असं. त्यात प्रेमाच्या ओळी नसल्या तरी चालेल. आमच्या पानांवर गॅसचं बुकिंग, सासऱ्यांची शुगर आणि ‘जेवलास का’ एवढंच होतं. भाषांतर व्यावसायिकाकडून किंवा नोटरी करूनच घ्यावं अशी सक्ती नाही, दोन्ही भाषा नीट येणाऱ्या कुणालाही ते करता येतं. मी मैत्रिणीकडून करून घेतलं.

प्रतिज्ञापत्रांची सूचना मात्र उलट्या टोकाची आहे. एकाच मजकुराची चार प्रतिज्ञापत्रं म्हणजे एकच माणूस चार वेळा बोलल्यासारखं. त्यांत लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि तुमच्याशी नातं हवं, आणि या लग्नाबद्दल त्याला हे कसं ठाऊक, याचा तपशील हवा. माझ्या सासूबाईंनी आधी लिहून दिलं होतं: ‘हे दोघे पती-पत्नी असून त्यांचा विवाह खरा आहे.’ मग मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही मला जे फोनवर सांगता ते लिहा. त्यांनी लिहिलं की सून दर रविवारी सकाळी फोन करते, तिने गेल्या दिवाळीत येऊन तेवीस दिवस आमच्याकडे राहून फराळ केला, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तिच्या सुट्टीप्रमाणे ठरवली. एक पान झालं. स्टॅम्प पेपरची अमेरिकेला गरज नाही. ‘अमेरिकेच्या कायद्यांनुसार, खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र राहून, हे खरं आहे असं जाहीर करतो’ अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत लिहून तारखेसह केलेल्या सहीलाही इथल्या कायद्यात शपथेइतकंच वजन आहे.

राहिली शेवटची सूचना, कॉलेजपासूनची ओळख सांगा म्हणणारी. ही वाचून मला खरोखर राग येतो. अरेंज्ड मॅरेजला अमेरिकेच्या कायद्यात कसलीही बंदी नाही आणि मुंबईत बसणाऱ्या अधिकाऱ्यांना ती नवलाची गोष्ट नाही. बघण्याचा कार्यक्रम हा पुरावा आहे! बायोडेटा पाठवलेला ईमेल, विवाहसंस्थेच्या साइटवरचं प्रोफाइल, दोन्ही घरांची पहिली भेट, पत्रिका जुळवलेला कागद, साखरपुड्याचा फोटो, केळवणांची आमंत्रणं. प्रेमविवाहात सहसा एवढे तारीखवार कागद कुणाकडे नसतात. आणि खोटी गोष्ट टिकायची कशी? आय-१३०ए या सोबतच्या फॉर्ममध्ये जोडीदाराचे मागच्या पाच वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या भराव्या लागतात, आधीच्या व्हिसांचे अर्ज सरकारकडे असतात. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर तो माणूस कायमचा अपात्र होऊ शकतो, मग माफीच्या अर्जाशिवाय वाट नाही. खरं लग्न असलेल्या जोडप्याने अशी जोखीम कशासाठी घ्यायची?

‘पण आम्ही लग्नानंतर बारा दिवसच एकत्र होतो’ असं म्हणत पुष्कळजण घाबरतात. हेतू बघतात तो लग्नाच्या वेळचा. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (एका विभागाच्या) अपील न्यायालयाने एका जोडप्याच्या प्रकरणात हेच म्हटलं होतं: नंतर वेगळं राहणं हा मुद्दा तपासता येतो, पण तेवढ्यावरून लग्न बनावट ठरत नाही. तुम्ही तर व्हिसाअभावी वेगळे आहात. का वेगळे आहात ते एका पानावर साधं लिहून जोडा.

हे सगळं अर्जासोबतच द्या, मुलाखतीला दाखवू म्हणून ठेवू नका. आवश्यक पुरावा नसेल तर आरएफई न पाठवताही अर्ज नामंजूर करता येतो. आणि आरएफई आलीच तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, मुदत वाढत नाही, सगळं एकदमच पाठवावं लागतं. अर्जासोबत झेरॉक्स चालतात. मूळ कागद मुलाखतीला न्या.

मंजुरी आल्यावर फाइल बंद करू नका. जोडीदार अमेरिकेत दाखल होताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढून घेण्याचा अर्ज, भरायचा आणि तेव्हा पुन्हा हाच प्रश्न येतो, यावेळी एकत्र राहिल्याच्या पुराव्यांसह. नवरा आला त्या आठवड्यातच आम्ही भाडेकरारात त्याचं नाव घातलं, विजेचं बिल त्याच्या नावावर केलं आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर आल्यावर खातंही उघडलं. त्यातून आता घरभाडं जातं, किराणा जातो, आणि सासूबाईंच्या औषधांचे पैसेही.