तीन मिनिटं थांबायला काय जातं?

आज वहिनी ड्युटीवरून आली ती गप्पच. हुमण गरम करून वाढलं तरी ताटाला हात लावेना. मग हळूहळू कळलं. ती ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे, कुठे ते लिहीत नाही. मानेच्या गाठीचं ऑपरेशन, पेशंट जागा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पेंटिंग झालं, म्हणजे कातडीला स्पिरिटवालं जंतुनाशक लावून झालं, आणि सर्जननी लगेच कॉटरी मागितली, ती विजेवर रक्तस्राव थांबवणारी पेन्सिल. ही म्हणाली, "सर, स्पिरिट सुकलं नाही अजून, मानेखालचा कपडा ओला आहे." तर सगळ्यांसमोर, "मला शिकवू नकोस!"

का नको शिकवू? स्पिरिटवालं औषध लावल्यावर निदान तीन मिनिटं सुकू द्यायचं, केसांत मुरलं तर तासभरही लागतो, हे काय वहिनीने घरी बसून ठरवलंय? हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पण मास्कमधला ड्रेपखाली, म्हणजे पेशंटवर पांघरलेल्या कापडाखाली, साठून त्याहून वाढत जातो, खाली ओला कपडा, वर कॉटरीची ठिणगी, अजून काय हवं पेटायला? आणि स्पिरिटची ज्योत त्या लख्ख दिव्याखाली धड दिसतही नाही हो.

डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबात आगीत २५ माणसं गेली तेव्हापासून आपल्याकडे जो तो फायर एनओसीवर बोलतोय. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये हॉस्पिटलच्या आगीत १० बाळं गेली तेव्हाही ऑडिट ऑडिट झालं. करा, करायलाच पाहिजे. पण ओटीतली आग पेशंटच्या अंगावरच लागते, तिला भिंतीवरचा एनओसीचा कागद काय करणार? ऑक्सिजन बंद करा, ड्रेप ओढून काढा, सलाईन ओता, सगळं काही सेकंदांत, आणि तोवर ते माणूस भाजतंय.

मान्य, सर्जनवर लोड असतो, दिवसाची लिस्ट लांबलचक असते. रक्तस्राव होत असेल तर थांबता येत नाही, तेही मान्य. मग तिथे पाण्यातलं बीटाडीन वापरा ना. इथे तर कसलीच इमर्जन्सी नव्हती.

वहिनीने काय केलं माहितीये? कॉटरीची पेन्सिल हातात घट्ट धरून उभी राहिली. दुसऱ्या सिस्टरने ओला कपडा काढला, भूलवाल्या मॅडमनी एक शब्द न बोलता ऑक्सिजन कमी केला, तेव्हा कुठे दिली. मला इतकं भरून आलं ऐकताना. त्या पेशंटच्या घरच्यांना यातलं काही कळणारही नाही, आणि हिला मात्र उद्या मेट्रनकडे बोलावलंय.

माझ्या लिस्टमध्ये ओटीवाले बरेच आहात, डॉक्टरही आहात. तुमच्याकडे पेंटिंगनंतर घड्याळ लावतात का? आणि सिस्टर "थांबा" म्हणाली तर खरंच थांबता का? खाली लिहा, वहिनीला वाचून दाखवणार आहे.