स्वेटर घातलास म्हणून पृथ्वी गार झाली नाही, मामा

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. घरच्या ग्रुपवर मामाने गॅलरीतल्या थर्मामीटरचा फोटो टाकला. पारा पार तळाला, आणि खाली एक ओळ: "कुठे गेलं म्हणे ते ग्लोबल वॉर्मिंग?" त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग. त्या रांगेत आयुष्यभर फिजिक्स शिकवून रिटायर झालेली माणसंसुद्धा आहेत, हे बघून जास्त चीड आली. तिथे उत्तर दिलं तर मोठ्यांना उलट बोलते म्हणून बोंब होणार. म्हणून इथे लिहितेय. मामा इथेही आहेच, वाचेल.

एका गॅलरीतली एक सकाळ. त्यावरून अख्ख्या पृथ्वीचा निकाल! ही काही मामाची अक्कल नाही, ही जुनी चाल आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये जेम्स इनहोफ नावाचे सिनेटर अमेरिकेच्या सिनेटमध्ये पिशवीतून बर्फाचा गोळा घेऊन आले. बघा बाहेर किती थंडी आहे, म्हणाले, आणि तो गोळा सभागृहात फेकला. ते २०१५ साल संपलं तेव्हा तोवरच्या नोंदींतलं सगळ्यात उष्ण साल ठरलं होतं. गोळा कधीच वितळला होता. वर्गाचा निकाल ९५ टक्के लागला आणि आपलं एक पोरगं नापास झालं, तर आपण निकाल खोटा म्हणतो का? पोराला बोलतो ना?

पण थांबा, मामाला हसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. ऐन उन्हाळ्यात फोनवरच्या तापमानाचा स्क्रीनशॉट टाकून "आतातरी विश्वास बसला का?" असं कोण लिहितं? तुम्हीच. एका दुपारच्या उकाड्याने काही सिद्ध होत असेल, तर एका सकाळच्या थंडीने ते खोडलंही जातं. मग मामाला हसायचा हक्क उरत नाही. बाजू बरोबर असली म्हणून कसाही युक्तिवाद केला तरी चालतो असं नाही. हे मी आधीही म्हटलंय आणि त्यावरून दोघांनी मला अनफ्रेंड केलंय. करा.

आता मामाचं खरं सांगते, कारण हा माणूस दिसतो तेवढा सोपा नाही. त्याच्याकडे एक वही आहे. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तसली. तारीख, सकाळचा पारा, ढग असले तर ढग, पाऊस असला तर पाऊस. वर्षानुवर्षं रोज, त्याच वेळी. लहानपणी मला त्याने थर्मामीटर वाचायला शिकवलं ते अजून आठवतं: डोळे पाऱ्याच्या रेषेत आण, वरून बघू नकोस, बल्बजवळ श्वास सोडू नकोस. एवढी शिस्त असलेला माणूस एका फोटोवरून निकाल लावतो, हाच माझा खरा राग आहे.

तर त्या वहीची गंमत. जुनं घर बैठं होतं, मागे झाडं. थर्मामीटर सावलीत, माती आणि गवतावर. मग ते घर सोडून मामा फ्लॅटमध्ये गेला. थर्मामीटर गॅलरीत, खाली डांबरी रस्ता, शेजारच्यांच्या एसीचं बाहेरचं खोकं हातभर अंतरावर. आणि वहीतले आकडे एकदम उडी मारून वर. मामा आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की यंदा काहीतरी भयंकर चाललंय (तेव्हा बरं त्याला वॉर्मिंग पटत होतं!). शेवटी मामी म्हणाली, "अहो, घर बदललंत तुम्ही." दुसऱ्या दिवशी मामाने त्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, "नवीन जागा. खालचे आकडे वरच्याशी जुळवू नयेत."

मामा, वेधशाळावालेही हेच करतात रे! हीच लाल रेघ. केंद्राची जागा बदलली, उपकरण बदललं, वाचनाची वेळ बदलली की आसपासच्या केंद्रांशी ताडून बघतात आणि उडी कुठे आहे ते शोधून ती दुरुस्त करतात. तू केलंस तर काटेकोरपणा, आणि त्यांनी केलं की "आकडे फिरवले"? म्हणूनच तर ती झडपांची पांढरी पेटी, स्टीव्हन्सन स्क्रीन, गवतावर, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, ऊन थेट लागणार नाही अशी ठेवतात. तुझी गॅलरी त्यात बसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा तर अजिबातच नाही, हेही जाता जाता.

बरं, मान्य. शहरं स्वतःहून तापतात. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ओकतं. शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा गरम असतं, हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या हवामान-अभ्यासकाने लंडनचे आकडे मांडून दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलंय. त्यामुळे एखाद्या शहराच्या वाढलेल्या पाऱ्यात काही वाटा सिमेंटचा असतो, सगळा जगाचा नसतो. पण या मुद्द्यावर तुझ्याहून मोठे शंकेखोर होऊन गेलेत. रिचर्ड मुलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना हीच शंका होती, म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. २०१२ मध्ये त्यांनीच जाहीर सांगितलं की तापमानवाढ खरी आहे, शहरांमुळे जागतिक आकड्यात फारसा फरक पडत नाही, आणि कारण माणूस आहे. शिवाय साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात गेली आहे. समुद्रात कुणी फ्लॅट बांधलेत?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. कारण मला गाय कॅलेंडर नावाचा माणूस आठवला. वाफेच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, हवामानखात्यातला वगैरे नव्हेच. फावल्या वेळात त्याने जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी गोळा केल्या, हाताने हिशेब केला, आणि १९३८ मध्ये दाखवलं की मागच्या पन्नासेक वर्षांत जमिनीवरची हवा सुमारे ०.३ अंशांनी तापली आहे, आणि त्याचा संबंध कोळसा जाळण्याशी आहे. बड्या मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. (त्याला स्वतःला ही ऊब चांगलीच वाटत होती, हिमयुग लांबेल म्हणून. असो.) मामा, तो तुझ्याच जातकुळीतला माणूस होता. फरक एवढाच की त्याच्याकडे १४७ वह्या होत्या आणि तुझ्याकडे एक.

आणि एक वही पुरत नाही, कारण पृथ्वी सगळीकडे सारखी तापत नाही. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय. ग्रीनलंडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक तुकडा मात्र शंभर वर्षांत चक्क थोडा गारच झालाय. जिथे धुरकं दाट किंवा शेतांना पाणी भरपूर, तिथे दिवसाचा पारा दबून राहतो. एल निनो आला की एखादं वर्ष उसळी मारतं, पिनाटुबोसारखा ज्वालामुखी फुटला की वर्षदोन वर्षं सगळं जग अर्ध्या अंशाच्या आसपास गार होतं, १९९१ नंतर झालंच. म्हणून शास्त्रज्ञ एखाद्या जागी किती अंश आहेत हे विचारत नाहीत. त्या जागेच्या स्वतःच्या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, एवढंच बघतात, आणि ते फरक जगभर एकत्र करतात. डोंगरावरचं केंद्र गारच असणार, किनाऱ्यावरचं दमटच असणार, पण दोन्हीकडे फरक एकाच दिशेने सरकत असेल तर ती बातमी. तसं बघितलं तर २०२४ हे साल १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा साधारण दीड अंशाने वर होतं. नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण.

मग आपल्या दारातल्या पाऱ्याचा जगाशी काहीच संबंध नाही का? आहे. एका दिवसात दिसत नाही, तीस वर्षांत दिसायला लागतो, आणि कधीकधी फार क्रूरपणे दिसतो. कॅनडात लिटन नावाचं गाव. २९ जून २०२१ ला तिथे ४९.६ अंश नोंदले गेले. कॅनडात! दुसऱ्याच दिवशी वणव्यात बहुतेक गाव जळून गेलं. अभ्यासकांनी तपासून सांगितलं की माणसाने हवा तापवली नसती तर त्या भागात असली उष्णता जवळपास अशक्य होती. हे "बघा किती उकडतंय" नव्हे. हा रीतसर हिशेब आहे, तापलेल्या जगात अशी लाट येण्याची शक्यता किती आणि न तापलेल्या जगात किती. तो प्रत्येक लाटेला वेगळा करावा लागतो, आणि उत्तर दर वेळी सारखं येत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगतात ते लोक.

मामा, तुझी लाल रेघेखालची पानं घे. फक्त तीच, वरची नकोत. दर महिन्याची सरासरी काढ. मी येईन हवं तर मदतीला, तू आकडे वाच, मी टाइप करते. शेजारच्यांचा एसी चालू असायचा ते दिवस वगळू, तू नक्की कुठेतरी खूण केली असशील. जे निघेल ते ग्रुपवर टाक, माझ्या विरुद्ध निघालं तरी टाक.

आणि आता कमेंटमध्ये "हे सगळं सूर्यामुळे" घेऊन येणाऱ्यांसाठी आधीच सांगते, म्हणजे माझी दुपार वाचेल. सूर्य जास्त तापत असता तर हवेचा खालचा थर आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर, दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा गार होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच व्हायला हवं, सूर्याने असं होत नाही. याचं उत्तर असेल तर लिहा. हसणारे चेहरे टाकलेत तर डिलीट करणार आहे.