गाळलेल्या जागा शून्याने भरा

दोन टेबलं जोडून रिपोर्ट करायला बसला आहात? अभिनंदन. आता कुणाकुणाला गायब करायचं, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. गेल्या आठवड्यात अशाच एका थोर रिपोर्टचं शवविच्छेदन करण्याचं भाग्य मला लाभलं, रात्री साडेअकरापर्यंत. एवढं ज्ञान एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून वाटून टाकतोय.

जॉइन, म्हणजे टेबलांची जोडणी, नेहमी इनरच लावा; दोन्हीकडे जुळतील तेवढ्याच ओळी राहतात. विक्रीच्या टेबलात ग्राहक आहे, पण मास्टरमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या मूळ यादीत, नाही? मग ती विक्री झालीच नाही. माल गेला, बिल फाटलं, पैसे जमा झाले, असेनात का. एरर येत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत, ओळी आल्या पावली निघून जातात. रिपोर्ट कसा चकाचक!

जोडण्याआधी ओळी किती होत्या आणि नंतर किती उरल्या, हे चुकूनही मोजू नका. मोजलं की कळतं आणि कळलं की काम वाढतं.

कुणी फारच मागे लागलं तर डावीकडच्या सगळ्या ओळी राखणारा लेफ्ट जॉइन लावा, पण खाली व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, उजव्या टेबलाच्या कॉलमवर एखादी अट ठेवून द्या. जोडी न मिळालेल्या ओळींत तिथे नल, म्हणजे ‘माहिती नाही’ची खूण, असतो, तो कुठल्याच तुलनेत बसत नाही. म्हणजे पाटी लेफ्टची, दुकान इनरचंच. (हीच अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, टाकली असती तर ओळी वाचल्या असत्या. पण जाऊ द्या, एवढं कोण बघतं.)

कोड जुळतात का, ते नजरेनेच ठरवा. एकीकडे ‘००७४५’, दुसरीकडे पुढची शून्यं एक्सेलने गिळलेला ७४५. माणसाला कळतं ना, झालं तर मग.

‘या यादीत नसलेले दाखव’ म्हणणाऱ्या ‘नॉट इन’च्या यादीत एक नल राहू द्या. उत्तरात एकही ओळ येत नाही. लगेच मेल टाका: तपासलं, एकही तफावत नाही.

पॉवर बीआय हे रिपोर्टचं सॉफ्टवेअर तर फारच चोंबडं. विक्रीतला कोड मास्टरमध्ये सापडला नाही की ती सगळी रक्कम ‘ब्लँक’ नावाच्या ओळीत गोळा करून चारचौघांत मांडतं. फिल्टर लावा, ब्लँकची खूण काढा. संपला विषय.

आणि आता गुरुमंत्र. नल दिसला की शून्य टाका. दुसऱ्या टेबलातून आकडा शोधून आणणाऱ्या एक्सेलच्या व्हीलुकअपला, एररच्या जागी आपलं उत्तर दाखवणारा इफएरर गुंडाळा, पुढे स्वल्पविराम, शून्य, कंस बंद. पाच शाखा आहेत, तिघींचे आकडे आले ८०, ९० आणि १००. सरासरी ९०. उरलेल्या दोघींच्या फाइल्स आल्याच नाहीत? टाका शून्य. सरासरी ५४! एका फटक्यात निम्म्याच्या जवळ! एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं सरासरीचं एव्हीजी नल सोडून देतं, एक्सेलचं ॲव्हरेजही रिकामे सेल सोडून देतं. ती यंत्रं मूर्ख, शहाणे तेवढे आपण. टेबलांच्या डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉडने १९९० साली सांगितलं होतं की नल या एका खुणेने भागत नाही; माहिती असायला हवी पण मिळालेली नाही ही गोष्ट वेगळी, आणि इथे ती लागूच नाही ही वेगळी. तो दोन खुणा मागत होता आणि आपण असलेली एकही शून्याखाली गाडतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे ठाऊकच नाही. परीक्षेला न बसलेल्या पोराला नापास करणारे तुम्ही कोण? मी तपासलेला तो रिपोर्ट ज्या मीटिंगमध्ये दाखवला, तिथे स्क्रीनवर लाल शून्य होतं, आणि शाखेच्या बाईंना सगळ्यांदेखत विचारलं गेलं, ‘महिनाभर काय केलंत?’ त्या वही उघडून रोजचे आकडे वाचायला लागल्या. वहीतले! कुणी ऐकलं नाही, कारण स्क्रीनवर शून्य होतं ना. फाइल अपलोड व्हायची राहिली होती, बस. आणि ज्याने शून्य टाकलं तो शेजारीच बसून मान डोलवत होता.

पुरे झाला उपरोध. अहो, लाज वाटत नाही का? एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत मर्ज करताना, म्हणजे टेबलं जोडताना, ‘लेफ्ट अँटी’ हा पर्याय डोळ्यांसमोर असतो. जोडी न सापडलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या निघतात. दोन मिनिटांचं काम. ती यादी मास्टर सांभाळणाऱ्याला पाठवा. कोड दोन्हीकडे मजकूर करून घ्या, गिळलेली शून्यं परत लावा, ट्रिम करून आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांना ‘अज्ञात’ नावाची ओळ द्या, पण बेरीज मूळ टेबलाशी पै न पै जुळू द्या. सरासरीखाली लिहा, ‘पाचपैकी तीन शाखा’. एवढंही जमत नसेल तर रिपोर्टच्या खाली स्वतःचं नाव घालू नका.

आणि आधी तो इफएरर काढा. सोमवारच्या आत. बाईंना मेलही तुम्हीच करायचा, सगळ्यांना सीसीत ठेवून. मी लिहून देणार नाही.