चारशे ग्रॅमचा मोह

सायकलच्या चाकांच्या जाहिरातीत चाकांचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं आणि स्वाराचं कुठेच नसतं. घोळ तिथूनच सुरू होतो. सायकलबरोबर आलेली जोडी १,९०० ग्रॅमची, मनात भरलेली १,५०० ग्रॅमची. चारशे ग्रॅम वाचले! आता स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलोचा ऐवज चढ चढतोय असं धरा. चारशे ग्रॅम म्हणजे त्याचा अर्धा टक्का. तासाभराच्या खड्या चढात साधारण १८ सेकंद वाचतात. तेवढ्यात घाम पुसूनही होत नाही.

यावर उत्तर तयार असतं: ‘फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं.’ खरं आहे, पण रिम आणि टायरपुरतं, आणि तेही वेग वाढवताना. हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) ग्रॅमना हा मान नाही, आणि एका लयीत चाललेल्या सायकलला ग्रॅम कुठे बसलेत याच्याशी देणंघेणं नसतं. सपाटीवर तर खरा वैरी वारा. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. म्हणून ताशी तीस किलोमीटरच्या पुढे रमणाऱ्यांना हलक्या रिमपेक्षा ४०-५० मिलिमीटर खोल रिम जास्त उपयोगाची. आडव्या वाऱ्यात ती हँडल हिसकावते, ते सोसायचं. कोपरं वाकवून खाली झुकलात तर फायदा त्याहून मोठा, शिवाय फुकट. पण वाकलेली कोपरं सायकल उभी केल्यावर कुणाला दिसत नाहीत.

माझ्या मते पहिला खर्च टायरवर. सायकलबरोबर येणारे जाड, तारेच्या काठाचे टायर काढून चांगले मऊ टायर घातले तर जोडीमागे दहाएक वॉट सहज वाचतात. शंभर ग्रॅमच्या रबरी ट्यूबऐवजी चाळीस ग्रॅमच्या आतली टीपीयू (पातळ प्लॅस्टिकची) ट्यूब घाला. आणि २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय दाबाची हवा कोंबणं थांबवा. सत्तर किलोच्या माणसाला ७० च्या आसपास पुरते. हा सल्ला सगळे देतात, सगळे माना डोलावतात आणि चाकंच बघत बसतात.

ठीक आहे, चाकंच घ्यायची. मग पत्रिका जुळवा. रिम ब्रेकच्या (रिमवरच पॅड दाबणाऱ्या) सायकलला पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटरचा हब, क्विक रिलीजवाला (खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसाचा). डिस्कवाल्या नव्या सायकलींना १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस), पुढे १०० आणि मागे १४२. जुन्या डिस्क सायकलींत मागे १३५ आणि क्विक रिलीज निघतो. रोटर (डिस्क ब्रेकची तबकडी) सेंटरलॉक, म्हणजे मधोमध एका रिंगने आवळलेला, की सहा बोल्टचा? सेंटरलॉक हबवर ॲडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो, उलटं जमत नाही.

खरी एकनाड निघते ती फ्रीहबची, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) बसते त्याची. शिमानोच्या ११ स्पीडच्या (मागे ११ चक्रांच्या) फ्रीहबवर १० स्पीडची कॅसेट बसते, पण मागे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. चकती विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि दोष नव्या चाकाला लागतो. स्राम कंपनीची दहा दात्यांपासून सुरू होणारी १२ स्पीडची रोड कॅसेट असेल तर एक्सडीआर नावाचा फ्रीहबच हवा. मागवण्याआधी कॅसेटवर कोरलेला नंबर वाचा. विक्रेत्याच्या ‘बसेल हो’वर विसंबू नका.

रिमची आतली रुंदी हा आणखी एक छुपा पाहुणा. १७ मिलिमीटरच्या रिमवर २८ चा असलेला टायर २३ च्या रिमवर ३० च्या घरात फुगतो. फ्रेम आणि टायर यांच्यात चार मिलिमीटर तरी मोकळे राहायला हवेत, तेव्हा कॅलिपरने मोजा, अंदाजाने नको. हुकलेस (काठाला आतून आकडा नसलेल्या) रिमला पाच बारच्या (सुमारे ७२ पीएसआयच्या) वर हवा भरायची नाही आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो. रिम ब्रेकवाल्यांनी कार्बन घेतला तर कार्बनचेच ब्रेक पॅड लावावेत. जुन्या पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण नवी रिम खरवडतात. लांब उतारावर ती तापते ते वेगळंच. अशांनी मुकाट ॲल्युमिनियम घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

शेवटी खोकं येतं. सगळं जुळलेलं असतं, फक्त ५० मिलिमीटरच्या रिमला ८० मिलिमीटरचा वॉल्व्ह लागतो हे कुणाच्या लक्षात नसतं. घरातल्या सगळ्या ट्यूबांचे वॉल्व्ह रिमच्या आत लपून बसतात, आणि नव्या चाकांची पहिली संध्याकाळ त्यांच्याकडे बघण्यात जाते.

ट्यूबलेस करणार, म्हणजे ट्यूबच काढून टाकणार असाल, तर रिमच्या आतून लावायची टेप आतल्या रुंदीपेक्षा दोनेक मिलिमीटर रुंद हवी. आधी रिम स्पिरिटने पुसा आणि टेप ताणून लावा. टायरच्या काठाला साबणाचं पाणी, वॉल्व्हचा गाभा बाहेर, मग हवेचा जोरदार झोत. दोनदा ‘फट्ट’ झालं की टायर बसला. आता चाळीसेक मिलिलिटर सीलंट (भोकं बुजवणारा द्रव). स्पोकच्या भोकांतून फुसफुस ऐकू आली तर टायरला शिव्या देऊ नका, टेप चुकली आहे.

कॅसेटचं लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळा. हबागणिक कॅसेट केसभर आत-बाहेर सरकते, म्हणून गिअर कुरकुरतात. बॅरल ॲडजस्टर (गिअरच्या केबलचा ताण बदलणारा स्क्रू) पाव-पाव फेरी फिरवला की गप्प होतात. पण त्याआधी सर्वांत मोठ्या चक्राकडची हद्द ठरवणारा लिमिट स्क्रू तपासा, नाहीतर डिरेलर (चेन सरकवणारा भाग) नव्या स्पोकांत शिरतो आणि चारशे ग्रॅमचा हिशेब रस्त्यावरच मिटतो. रोटर घासत असेल तर ब्रेकच्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करा, लीव्हर दाबून धरा, तसेच आवळा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर स्पोक बसतात आणि चाक थोडं आउट होतं. तेव्हा निपल (स्पोक आवळायचा नट) एका वेळी पाव फेरी, जास्त नाही.

जुनी चाकं विकू नका, पावसाळ्याला होतील. डिस्कवाल्यांनी रोटरखाली ०.२ मिलिमीटरच्या शिम (पातळ चकत्या) घालून दोन्ही जोड्यांचे रोटर एका रेषेत आणावेत, म्हणजे चाक बदलताना दर वेळी कॅलिपर हलवावा लागत नाही. रिम ब्रेकवाल्यांच्या दोन्ही रिम सारख्या रुंद नसतील, तर दर वेळी ब्रेकची केबल सैल-घट्ट करत बसणं आलंच.